रफूगाराचा शेवटचा थेंब

त्या सकाळी शरच्चंद्र सरांना खुर्चीत डुलकी लागली होती, हे त्यांनी पुढे कधीही कबूल केलं नाही. त्यांचं म्हणणं, ते धुकं पाहत होते. धुकं पाहायला डोळे मिटायची काय गरज, असं त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी पेपर उघडला.

धुकं होतं, हे खरं. नोव्हेंबर सरत आला की बुलढाण्यात घाटाकडून असं धुकं चढतं की समोरच्या घराचं फाटकही दिसेनासं होतं. अशा वेळी सरांना हटकून जुनं काहीतरी दिसायचं. त्या दिवशी दिसत होता तो मलकापूरच्या बाजारात बसणारा रफूगार. सरांच्या लहानपणी तो कोटाच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा आणि त्याच धाग्यानं कोटाचं भोक बुजवायचा. भोक कुठे होतं ते मालकालाही सापडायचं नाही.

रफूगारानं मान वर केली आणि बाईच्या आवाजात विचारलं, "सर, काकू आहेत का?"

सरांनी डोळे उघडले. समोर पूनम उभी होती. दहावीला त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, संग्रामपूरकडच्या वरवट बकालहून वसतिगृहात शिकायला आलेली पोरगी. आता देऊळघाट रस्त्यावरच्या एका खासगी संशोधन केंद्रात ती पीएचडी करत होती. केसांवर धुक्याचे थेंब होते आणि डोळे रडून सुजले होते.

काकू म्हणजे वासंतीबाई. तीस वर्षं त्यांनी एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली. खोटं बोलणारा माणूस कुठल्या वाक्याला घोट गिळतो, हे त्यांना पाठ झालं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी दारावर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. शाळेतून निवृत्त झालेले सर त्यांचे मदतनीस. वही धरायची, स्कूटर चालवायची आणि चुकीचे प्रश्न विचारायचे, एवढं त्यांचं काम. ते तिन्ही ते मन लावून करत.

पूनमनं चहाला हात लावला नाही. तिनं जे सांगितलं ते सरांना दोनदा ऐकावं लागलं.

माणसाच्या पेशीत जनुकांचा एक लांबच लांब धागा असतो. तो रोज कुठे ना कुठे डागाळतो. ते डाग शोधून कापून काढणारं एक प्रथिन आपल्याच शरीरात असतं. तेच प्रथिन जिवाणूंकडून बनवून घेऊन प्रयोगशाळांना विकतात. पूनमनं ते परदेशातून मागवलं होतं. आलं किती, तर नखाएवढ्या सहा कुप्यांच्या बुडाशी थोडं थोडं.

"म्हणजे रफूगारच की," सर म्हणाले.

"अर्धा रफूगार, सर. कापायचं काम याचं, विणायचं दुसऱ्यांचं."

शेतात फवारणी करणाऱ्या चाळीस जणांचं रक्त तिनं गोळा केलं होतं. रक्तातल्या धाग्यावर हे प्रथिन सोडलं की जिथे डाग तिथे काप पडतो. मग ते तुकडे जेलीच्या वडीतून धावतात आणि दिव्याखाली त्यांची पट्टी दिसते. डाग जास्त तेवढी पट्टी ठळक. दिवाळीआधी दोन कुप्या वापरून तिनं चाळीस जण तपासले होते. विना मास्क फवारणाऱ्यांच्या पट्ट्या ठळक आल्या होत्या. सगळ्यांत ठळक सतरा नंबरची. गुपित राहावं म्हणून नावं नव्हती, नुसते नंबर होते.

"दिवाळीनंतर तपासणी समिती आली," पूनम म्हणाली. "त्यांच्यापुढे तिसरी कुपी उघडली. काहीच दिसलं नाही काकू. एक पट्टी नाही. मग चौथी, पाचवी. प्रथिन मेलेलं."

"आणि ते काय म्हणाले?"

"माझे गाईड गंधार सर म्हणाले, मेलेलं की कधी जिवंतच नव्हतं? पहिल्या पट्ट्या मी बनवल्या, असं त्यांना वाटतं. शनिवारपर्यंत खुलासा दिला नाही तर नोंदणी रद्द." ती थांबली. मग आतली बोली वर आली. "काकू, मले डिग्री गेल्याचं इतकं नाही. त्या पट्ट्या खऱ्या होत्या. खोट्या ठरल्या तं फवारणारे समदे म्हणतील, काही होत नाही."

वासंतीबाईंनी एवढंच विचारलं, की दिवाळीच्या सुट्टीत कुप्या कुणाच्या ताब्यात होत्या. पूनम अकरा दिवस गावी होती. कुप्या फ्रीजरमध्ये, तिच्या निळ्या डब्यात. जाताना ती केंद्राचे मदतनीस कचरूकाका यांना डब्याकडे लक्ष ठेवायला सांगून गेली होती.

"ते कुप्यांसोबत आलेलं माहितीपत्रक आहे?"

पूनमनं घडी केलेला कागद दिला. वासंतीबाईंनी तो दोनदा वाचला. उणे वीस अंशाला ठेवा. निम्मं ग्लिसरीन घातलेलं आहे. वारंवार गोठवू आणि वितळवू नका.

"काढल्यावर वितळायला किती वेळ द्यावा लागतो?"

"काहीच नाही. काढलं की लगेच वापरता येतं. पाकासारखं चिकट असतं, म्हणून हळू ओढावं लागतं इतकंच."

वासंतीबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला आणि सरांना स्कूटर काढायला सांगितली.

संशोधन केंद्र रस्त्यापासून आत, कडुनिंबांच्या मागे होतं. धुक्यात ते अधांतरी तरंगल्यासारखं दिसत होतं. सरांना वाटलं, आपण अजून खुर्चीतच आहोत आणि हा त्याच स्वप्नाचा पुढचा भाग आहे. वासंतीबाईंनी कोपर मारल्यावर त्यांनी ब्रेक दाबला.

डॉक्टर गंधार हे पूनमचे मार्गदर्शक. बारीक, ताठ, शब्द मोजून बोलणारे. बाहेरची माणसं आलेली त्यांना आवडलं नव्हतं, पण ते नाही म्हणाले नाहीत. पूनम आपली सगळ्यांत चांगली विद्यार्थिनी होती, असं त्यांनी सांगितलं आणि 'होती' म्हणताना खिडकीबाहेर पाहिलं.

"सतरा नंबरची पट्टी मी पाहिली तेव्हाच मला शंका आली. इतकी ठळक पट्टी मी आयुष्यात पाहिली नाही. आणि आता तेच प्रथिन काही म्हणता काही करत नाही. तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

"कुप्या कुणी बदलल्या असतील तर?"

"कशाला बदलेल कुणी?" गंधार म्हणाले. मग नाइलाजानं बोलावं तसं ते पुढे म्हणाले की पूनम आणि सुचिता यांचं फ्रीजरच्या जागेवरून भांडण झालं होतं. पण त्यावरून कुणावर आरोप करणं त्यांना पटत नव्हतं.

सरांनी वहीत सुचिताचं नाव लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्यांचा गुन्हेगार सापडला होता.

सुचिता अकोल्याची. लोणारच्या सरोवरातल्या खाऱ्या पाण्याच्या जिवाणूंवर तिचं काम चालायचं आणि ते जिवाणू एका मोठ्या अतिथंड फ्रीजरमध्ये होते, उणे ऐंशी अंशाला. हा फ्रीजर आवाराच्या पलीकडच्या खोलीत होता. भांडण झालं, हे तिनं लगेच मान्य केलं. पूनमला त्यात एक कप्पा हवा होता, हिनं दिला नाही.

"माझे नमुने चार वर्षांचे आहेत. दार उघडलं की बाहेरची ओल आत जाते, म्हणून मी कुणालाच हात लावू देत नाही. आणि दिवाळीत मी इथे नव्हतेच, अकोल्याला होते. अकरा दिवस दार बंद. तरी आल्यावर पाहते तर दाराच्या कडेला बोटभर जाड हिमाचा थर. लाकडी चमच्यानं खरवडून काढला. रबर गेलं असणार. मेकॅनिकला सांगून पंधरा दिवस झाले, अजून पत्ता नाही."

"किल्ली कुठे असते?"

"कचरूकाकांच्या खोलीत, खिळ्याला. वीज गेली तर त्यांना पाहावं लागतं ना."

शेवटी कचरूकाका. सत्तावन्नच्या आसपासचा, डोक्याला रुमाल बांधलेला, हसला की सगळा चेहरा हसणारा माणूस. या नोकरीआधी अठरा वर्षं तो दुधाच्या चिलिंग सेंटरवर होता आणि माल थंड ठेवण्यातलं आपल्याला कळतं याचा त्याला अभिमान होता. पूनमचा विषय निघाला तशी त्याची मान खाली गेली. पोरीवर बालंट आलं म्हणून त्याला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

उणे वीसचा फ्रीजर त्यानं स्वतः उघडून दाखवला. आत कोपऱ्यात स्टीलच्या पेल्यात गोठलेलं पाणी आणि त्या बर्फावर एक नाणं ठेवलेलं होतं. वीज जाऊन बर्फ वितळला तर नाणं बुडतं, मग पुन्हा गोठलं तरी तळाशीच राहतं. युक्ती पूनमची.

"एक दिवसही बंद पडला नाही जी. नाणं पाहा, वरच हाय."

"सुट्टीत कुणी परकं आलं होतं?"

"चिटपाखरू नाही. मीच एकटा होतो. सकाळी अन् संध्याकाळी चक्कर मारो."

"बाकीच्या लोकांचं सामान यात ठीक होतं?"

"समदं दगडावानी. चिलिंग सेंटरवर आमचे साहेब म्हणत, माल दगड असला का चिंता नाही."

त्यानं चहा आणून दिला. कप देताना त्यानं बशीच्या कडा तळव्यांनी धरल्या होत्या, बोटं उचलून. सरांना ती जरा नखऱ्याची तऱ्हा वाटली. वासंतीबाईंनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या टोकांची कातडी पांढुरकी होऊन सोलली होती.

"भाजलं का हो, कचरूभाऊ?"

"काही नाही, थोडंसं," म्हणून त्यानं हात रुमालात घेतला.

निघण्याआधी वासंतीबाईंनी पूनमच्या कुप्या मागवल्या. न उघडलेली सहावी कुपी पूनमनं उजेडात धरून तिरकी केली. आतला थेंब संथ सरकला. झाकणावर पूनमच्या अक्षरात आकडा होता, पण शाई पुसटून त्याचा धब्बा झाला होता. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या कुपीचंही तेच. पहिल्या दोन कुप्या मात्र वेगळ्या, लाल डब्यात होत्या. त्यांच्यावरचे आकडे आजच लिहिल्यासारखे काळेभोर.

"रिकाम्या कुप्या का ठेवल्यास गं?"

पूनम ओशाळली. "पूर्ण रिकाम्या नाहीत. कडेला चिकटलेलं थोडं राहते. फेकायचा जीव होत नाही. आई तेलाची बरणीसुद्धा दोन दिवस उलटी ठेवते. लाल डबा खालच्या कप्प्यात असतो, तिकडे कुणी पाहतही नाही."

परतीच्या रस्त्यावर सरांनी सुचितावरचा आपला सिद्धांत सविस्तर मांडला. तिनं कुप्या बदलल्या, हिमाची गोष्ट बनवली. वासंतीबाई मागे बसून ऐकत होत्या. बसस्थानकाजवळ औषधाच्या दुकानापाशी त्यांनी स्कूटर थांबवायला लावली आणि ग्लिसरीनची बाटली घेतली.

"ओठ फुटले का?" सरांनी काळजीनं विचारलं.

"हो," वासंतीबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत होत्या, पण सरांच्या लक्षात आलं नाही.

संध्याकाळी सरांनी सोडा सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीज उघडला. या थंडीत बर्फ कशाला, हा प्रश्न त्यांना विचारायचा नाही, असा घरातला नियम होता. वरच्या खणात तीन वाट्या होत्या. एकीत पाणी, ते गोठलेलं. दुसरीत दूध, तेही गोठलेलं. तिसरीत काहीतरी पारदर्शक, आणि ते जसंच्या तसं पातळ.

सरांनी वाटी हलवून पाहिली. फ्रीज बिघडत चालला, असं त्यांच्या मनात आलं. बाईसाहेबांचं काहीतरी खराब होईल, शिव्या आपल्याला बसतील. त्यांनी गुपचूप फ्रीजचं बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेलं आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात झोपायला गेले.

सकाळी कोथिंबीर काचेसारखी कडक झाली होती. वालाच्या शेंगा ताटात टाकल्या तर खणखण वाजल्या. वासंतीबाई स्वयंपाकघरातून जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"अगं, त्या तिसऱ्या वाटीतलं गोठतच नव्हतं," सर कळवळून म्हणाले. "मला वाटलं, फ्रीजला जोर कमी पडतोय. तुझ्याच चांगल्यासाठी केलं."

वासंतीबाई बोलता बोलता थांबल्या. हातातली कोथिंबीर तशीच राहिली. मग त्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. सरांना काही समजेना. इतक्या वर्षांच्या संसारात कोथिंबिरीवरून बायकोला रडताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

"अहो, तुमच्याइतका भला माणूस त्या केंद्रात आणखी एक आहे," त्या म्हणाल्या. "बिचारा."

शनिवारी सकाळी गंधार यांच्या प्रयोगशाळेत सगळे जमले. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट होतं की खोली ढगात ठेवल्यासारखी वाटत होती. पूनम भिंतीला टेकून उभी होती. सुचिता हाताची घडी घालून. कचरू दारात, आत न येता.

वासंतीबाईंनी पिशवीतून थर्मासचा डबा काढला आणि त्यातल्या तीन वाट्या टेबलावर मांडल्या. रात्रभर घरच्या फ्रीजरमध्ये ठेवलेल्या. पाणी गोठलेलं, दूध गोठलेलं, तिसरी वाटी पातळ.

"तिसरीत निम्मं ग्लिसरीन आहे," त्या म्हणाल्या. "पूनमच्या कुपीत आहे तेवढंच. उणे वीसला ते गोठत नाही. गोठू नये म्हणूनच घालतात. गंधार सर, हे तुम्हाला माहीत आहे, पूनमला माहीत आहे. इतकं माहीत आहे की कुणाला सांगायचं तुमच्या लक्षातही आलं नाही. परवा माझ्या नवऱ्यानं ही वाटी पाहिली आणि फ्रीज बिघडला असं समजून बटण पूर्ण फिरवलं. मला उत्तर तिथे मिळालं."

सरांना आपण काहीतरी महत्त्वाचं केलंय एवढं समजलं. त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली.

"फ्रीजर बंद पडला नव्हता, नाणं वरच होतं. कुप्या बदलल्या नव्हत्या, झाकणावर पूनमचंच अक्षर आहे. मग चार झाकणांवरची शाई का पुसटली? लाल डब्यातल्या दोन कुप्यांची तशीच राहिली, म्हणजे दोष शाईचा नाही. त्या चार कुप्यांवर पुन्हा पुन्हा हिम धरलं आणि कुणीतरी ते पुन्हा पुन्हा अंगठ्यानं पुसलं. उणे वीसच्या फ्रीजरमधून काढलेल्या कुपीवर इतकं हिम धरत नाही. त्याहून कितीतरी थंड जागा या आवारात एकच आहे."

सुचितानं घडी सोडली. "माझा फ्रीजर?"

"तुझ्या दाराचं रबर ठीक आहे. तू नसताना ते दार रोज दोनदा उघडलं जात होतं, म्हणून कडेला थर जमला. संध्याकाळी एकदा आणि सकाळी एकदा. आणि उणे ऐंशीतून उघड्या हातानं वस्तू काढली तर बोटं भाजल्यासारखी सोलतात."

सगळे दाराकडे वळले. कचरूनं हात रुमालात लपवला नाही. तो खाली जमिनीकडे पाहत होता.

वासंतीबाईंचा आवाज मऊ झाला. "कचरूभाऊ, तुम्ही कुणाशी खोटं बोलला नाहीत. तुम्हाला नीट प्रश्नच कुणी विचारला नाही. आता सांगा."

"पोरगी म्हणे, काका, माह्या डब्यावर ध्यान ठेवजा," कचरू म्हणाला. "ती गेली त्याच संध्याकाळी डबा उघडून पाह्यलं तं समदं पाणी. बाकी समद्याईचं दगड अन् हिचंच पाणी. मले वाटलं, माह्याच भरवशावर ठेवलं अन् माह्याच हातून वितळलं. तिचं दोन वर्साचं काम. तं मी मोठ्या फ्रीजरमंदी नेऊन ठेवलं. सकाळी पाह्यलं तं मस्त दगड. सुचिताताई कवाही येईल म्हणून परत जागेवर ठेवो. संध्याकाळी पाहो तं पुन्हा पाणी. मंग पुन्हा नेवो. अकरा दिवस असंच."

"अकरा वेळा गोठलं आणि अकरा वेळा वितळलं," वासंतीबाई गंधारना म्हणाल्या. "माहितीपत्रकात जे करू नका म्हणून लिहिलंय, नेमकं तेच. प्रथिन ज्या घड्यांनी जुळलेलं असतं त्या मोडत गेल्या आणि ते मेलं."

कचरूनं वर पाहिलं. "मंजे मीच मारलं?"

तो दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. पूनम भिंत सोडून त्याच्याजवळ गेली आणि शेजारी जमिनीवर बसली. तिनं त्याचा सोललेला हात हातात घेतला. "काका, चूक माही हाय. ते पातळच राहते, हे मी सांगतलंच नाही तुमाले."

गंधारनी तिसरी वाटी उचलून तिरकी करून पाहिली. मग ते म्हणाले, "हे सगळं मला पटतं. पण यातून प्रथिन कसं मेलं तेवढंच सिद्ध होतं. दिवाळीआधी ते जिवंत होतं, पूनमच्या पट्ट्या खऱ्या होत्या, हे नाही. समितीला मी काय दाखवू?"

"त्याची सोय पोरीनंच करून ठेवली आहे," वासंतीबाई म्हणाल्या. "लाल डबा आणा. तो खालच्या कप्प्यात होता. कचरूभाऊंची माया तिथपर्यंत पोचली नाही."

दोन्ही जुन्या कुप्यांच्या कडांना चिकटलेलं पूनमनं जमवलं, तेव्हा मुंगीच्या डोक्याएवढा थेंब निघाला. एकदाच पुरेल, एकाच नमुन्याला. त्यानंतर काही नाही. आणि प्रयोग आपण स्वतः करणार, असं गंधार म्हणाले.

"कुठला नमुना घेऊ?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "सतरा. मला सगळ्यांत जास्त शंका त्याचीच आहे."

पूनमचा चेहरा उतरला. वासंतीबाईंनी ते पाहिलं. भीतीनं उतरलेला चेहरा वेगळा असतो. हा तसा नव्हता.

दोन तास लागले. त्या दोन तासांत धुकं हळूहळू पांढऱ्याचं पिवळसर झालं. कचरूनं चहा केला, कुणीच प्यायला नाही. सर खिडकीशी बसले होते. त्यांना पुन्हा तो मलकापूरचा रफूगार दिसला. कोटावर वाकलेला, आतल्या शिवणीतून धागा ओढत. पण कोट भलताच विरलेला होता. बोट लावावं तिथे नवं भोक पडत होतं आणि म्हातारा एकटा शिवत होता.

"या," गंधार आतून म्हणाले.

छोट्या काळोख्या खोलीत सगळे दाटीनं उभे राहिले. गंधारनी दिवा लावला. जेलीची वडी आधी नुसतीच निळी दिसली. मग डोळे सरावले. शेवटच्या रांगेत, खाली, एक नारिंगी पट्टी उजळली होती. तिच्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

शेवटच्या थेंबानं काम केलं होतं. रफूगार जिवंत होता.

गंधारनी चष्मा काढून पुसला. "पूनम, मी तुझ्यावर अविश्वास दाखवला. समितीला आज लिहितो, माझ्या सहीनं. ही पट्टी मी स्वतः पाहिली असं." मग ते कचरूकडे वळले. "आणि तुमच्याबद्दल त्यात काही लिहिणार नाही."

सुचितानं पूनमच्या पाठीवर हात ठेवला. कचरू रुमालानं डोळे पुसत होता. सरांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण पूनम हसली नव्हती. ती त्या पट्टीकडे बघत उभी होती. ज्या पट्टीसाठी दोन आठवडे रडली, ती पट्टी समोर होती आणि तिला ती बघवत नव्हती.

बाकीचे बाहेर गेल्यावर वासंतीबाईंनी हळूच विचारलं, "सतरा नंबर कोण गं?"

"माहे बाबा," पूनम म्हणाली.

दिवा अजून चालू होता. तिनं तो बंद केला.

"रक्त मीच घेतलं होतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. प्रथिन मेलेलं निघालं तेव्हा सगळे ओरडले माह्यावर, अन् मला एक मिनिट, फक्त एक मिनिट, बरं वाटलं काकू. म्हटलं, चला, खोटं असंल. बाबांना काही झालेलं नसंल." तिनं अंधारातच वडीवर झाकण ठेवलं. "मग मीच लढायले निघाले, ते खरं हाय म्हणून."

वासंतीबाईंनी तिला जवळ घेतलं. सर दारात अवघडून उभे होते. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी आपला नेहमीसारखा एक प्रश्न विचारला. "पण मग, त्याचं रफू होतं का गं?"

पूनमनं ओढणीनं तोंड पुसलं. चुकीचा प्रश्न नव्हता तो, पहिल्यांदाच.

"होतं सर. शरीर रोज करत असते. फक्त फाटणं त्याच्याहून जास्त नको."

ती आवारात आली. धुकं विरलं होतं, कडुनिंबाखाली ऊन पडलं होतं. हरभऱ्यावर अळी पडली की बाबा सकाळीच पाठीवर पंप घेतात, तोंडाला काही न बांधता, हे तिला माहीत होतं. तिनं फोन लावला. पलीकडून बाबांचा, उकंडरावांचा आवाज आला, मोठा, शेतात उभं राहून बोलतात तसा.

"बाबा, आज फवारू नका. मी येऊन राह्यली संध्याकाळच्या गाडीनं. तोवर पंपाले हात लावू नका."

"काऊन व माय?" उकंडरावांनी कारण विचारलं.

"आल्यावर सांगीन," पूनम म्हणाली आणि मास्क घ्यायला औषधाच्या दुकानाकडे निघाली.